वरचा प्लग आधी

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते त्याच्या पोटात असतात. कंपनीच्या पुस्तकात त्याला डिफरेन्शियल म्हणतात. आमच्याकडे ड्रायव्हर आणि मिस्त्री नुसतं क्राउन म्हणतात. या क्राउनमधलं ऑइल कधी बदलायचं, हे विचारायला मेडशीतले लोक अजूनही माझ्याकडे येतात. जीप धंद्याला लावणं मी केव्हाच बंद केलं. पण मालेगावहून शिरपूर जैनच्या देवळाला जाणारे यात्रेकरू मी वर्षानुवर्षं नेले-आणले आणि माझ्या गाडीचं क्राउन कधी वाजलं नाही, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली आहे.

परवा गावातला एक भाजीपाला पिकवणारा गडी आला. त्यानं जुनी पिकअप घेतली आहे. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाला, “काका, मिस्त्री म्हणते क्राउनचं ऑइल बदला. शेजारी म्हणते कायले बदलता, ते जन्माचं असते. मी कोनाचं आयकू?”

“तुह्या गाडीचं आयक,” मी म्हणालो.

“गाडी काय बोलते का?”

“बोलते ना. पन घरची बायको बोलते तवा तरी आयकतं का तू?”

तो हसला, आणि मग मी त्याला नेहमीचं सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असताना पाय ॲक्सिलेटरवरून काढायचा आणि मागून माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो का, ते ऐकायचं. आला तर उशीर झालाच आहे. आला नाही तर प्लग काढून बोट आत घालायचं, ऑइल दोन बोटांत चोळायचं आणि उन्हात धरायचं. काळं झालं असेल, जळका वास येत असेल, बोटावर चांदीसारखी चमक उरत असेल, तर बदलायचं. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि ऑइल दुधाच्या चहासारखं गढूळ दिसत असेल, तर त्याच दिवशी बदलायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. गाडी उभीच राहत असेल तरी काही वर्षांनी बदलायचं, कारण ऑइल बसून बसूनही जुनं होतं.

“आन एक ध्यानात ठेव,” मी त्याला म्हणालो. “गोळ्याले दोन प्लग असतात. वरच्यातून भरायचं, खालच्यातून काढायचं. पयले वरचा ढिला करून पाय. तो फिरला तरच खालच्याले हात लाव. खालचा पयले काढला आन वरचा जाम निघाला, तर जुनं ऑइल भुईवर आन नवं जायाले रस्ता नाई. गाडी उभी ते उभीच.”

“तुमचं झाल्तं का असं कधी?”

“नाई,” मी म्हणालो. तो गेला.

मी खोटं बोललो नाही. माझा वरचा प्लग कधीच जाम झाला नव्हता. पण तो जाम झाला असं एकदा माझ्या बायकोच्या माहेरी, कामरगावला, सांगितलं गेलं, आणि सांगणारी माझी बायकोच होती. ती जिवंत असेपर्यंत तिच्या भावानं ते खरं मानलं नाही. आपल्या मरणाला टेकलेल्या बापाकडे यायचं टाळायला बहिणीनं बहाणा केला, असंच तो धरून बसला. ती हा डाग घेऊन गेली. तो डाग माझा होता. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

सुरुवात टॉवेल-टोपीपासून करायला हवी. आमच्याकडे लग्नात जावयाला मांडवात बोलावून टॉवेल-टोपी देतात. साळ्याच्या लग्नात, कामरगावच्या घरापुढच्या मांडवात, माइकवर आधी धाकट्या जावयाचं नाव घेतलं गेलं. तो सरकारी नोकरीत होता. मी थोरला जावई, पण जीपवाला. माझं नाव नंतर आलं. त्यात कोणाचा काही डाव होता असं आज मला वाटत नाही. माइक धरणारा पोरगा घाईत होता, एवढंच. पण त्या दिवशी माझ्या हातात टॉवेल पडला तेव्हा मागून कोणीतरी हसलं, किंवा हसल्यासारखं मला वाटलं. मी टॉवेल आणि टोपी खुर्चीवर ठेवली, न जेवता गाडी काढली आणि सासऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “या दारात आता पाय ठेवनार नाई.”

सासरा मागे धावत आला होता. “जवाईबापू, जेवून तं जा,” म्हणत तो गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला. मी गाडी पुढे काढली. त्याचा हात दारावरून कसा सुटला ते मी आरशात पाहिलं.

त्यानंतर बायको सणावाराला एसटीनं एकटी माहेरी जायची. मी कधी सोडायला गेलो नाही, आणायला गेलो नाही. तिनं कधी हट्ट केला नाही. परत यायची तेव्हा पिशवीत माझ्यासाठी काहीतरी असायचं. सासऱ्यानं दिलेली वांगी, नाहीतर लसणाची जुडी. मी ती खायचो. माझा मान त्या वांग्यांच्या आड येत नव्हता, फक्त दाराच्या आड येत होता.

मग एका सकाळी फोन आला. तेव्हा आमच्या घरी तारेचा फोन होता. तिनं घेतला. तिचा भाऊ बोलत होता. बाप रात्रीपासून अन्नपाणी घेत नव्हता आणि सारखा “बाई आली का” एवढंच विचारत होता. माहेरी सगळे तिला बाई म्हणत. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “अवो, गाडी काढता का? एसटीनं मी पोचत नाई.”

“काढतो,” मी म्हणालो.

ती आत कपडे भरायला गेली. मी बाहेर आलो. जीप दारातच उभी होती. आदल्याच दिवशी ती शिरपूरच्या तीन खेपा करून आली होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो. डोळ्यांपुढे कामरगावचं ते दार, अंगणात बसलेली माणसं, आणि त्यांच्यातला एक तरी म्हणेल, “आले का शेवटी?” जायचं नाही असं बायकोला तोंडावर सांगायची माझ्यात धमक नव्हती. म्हातारा याआधीही एकदा असाच अंथरुणाला खिळून पुन्हा उठला होता. यावेळीही उठेल, असंही मी स्वतःला सांगितलं.

मी पोतं अंथरलं, पाना घेतला, गाडीखाली शिरलो आणि क्राउनचा खालचा प्लग काढला. वरच्याला हात लावला नाही.

ऑइल चांगलं होतं. मधासारखं. त्याच उन्हाळ्यात मी ते भरलं होतं. ते भुईवर पडू लागलं तेव्हा बायको बाहेर आली.

“काय झालं वो?”

“क्राउनचं ऑइल खराब झालं. बदलल्याशिवाय गाडी नेता येत नाई. रस्त्यातच बसन.”

ती आत गेली आणि घमेलं घेऊन आली. वाकून तिनं ते धारेखाली सरकवलं. “उगाच भुई खराब होईन,” म्हणाली. मग तिथेच बसून राहिली. “किती वेळ लागन?”

“नवं भराले किती वेळ लागते. लगेच होते.”

मी वरच्या प्लगला पाना लावला आणि जोर केला. आता जे लिहितो ते मी परवा-परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मी पाना सैल करायच्या बाजूनं फिरवत नव्हतो, कसायच्या बाजूनं फिरवत होतो. प्लग अर्थातच हलला नाही. मी दात-ओठ खाल्ले, पान्यावर लाथ मारली, शिवी दिली. ती बघत होती. तिला आट्यांतलं काय कळणार, असं मी धरून चाललो होतो.

“जाम झाला,” मी म्हणालो.

ती उठून चुलीजवळची रॉकेलची बाटली घेऊन आली. गाडीखाली अर्धी आत शिरली, नव्या साडीनिशी, आणि प्लगवर थेंब थेंब रॉकेल सोडू लागली. “बापू असंच करत जाय विहिरीवरच्या मोटरले,” ती म्हणाली. बापू म्हणजे तिचा बाप. मी पुन्हा पाना लावला. पुन्हा त्याच बाजूनं.

एवढ्यात फोन वाजला. ती धावत गेली. मी गाडीखालून तिचं बोलणं ऐकत होतो. “गाडी खराब झाली रे. प्लग जाम हाये. नाई, खरंच. करून राह्यले ते. मी येतो रे, काईबी करून येतो.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

“त्यानं काय म्हटलं?”

“काई नाई,” ती म्हणाली. “दुसऱ्याची गाडी भेटते का, पायता का?”

मी स्टँडच्या दिशेनं गेलो, पानटपरीमागे थोडा वेळ उभा राहिलो आणि परत येऊन म्हणालो, एकही गाडी रिकामी नाही. तिनं पिशवी उचलली. “तुमी येता का एसटीनं?” तिनं विचारलं. मी म्हणालो, आधी गाडी दुरुस्त करतो, आणि पुन्हा गाडीखाली शिरलो. ती एकटीच गेली. मालेगावला उतरून कारंजाची गाडी धरायची, कारंजाला उतरून कामरगावची. ती पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परतून अंगणात आंघोळी करत होती. हे मला तिच्याकडून नाही, पुढे धाकट्या जावयाकडून कळलं.

ती गेल्यावर मी वरचा प्लग उघडला. एका झटक्यात उघडला. खालचा प्लग लावला, घमेल्यातलं ऑइल फडक्यातून गाळलं आणि तेच परत भरलं.

भावाला तिचं का खरं वाटलं नाही, तेही सांगतो. आदल्या दिवशी कामरगावचा एक माणूस शिरपूरला देवळात गेला होता आणि माझ्याच जीपमधून बसून आला होता. रात्री त्यानं गावात सांगितलं होतं, जवाईबापूची गाडी मस्त पळते. सकाळी बहीण फोनवर म्हणते, गाडी खराब. भावानं दोन्ही जोडलं. वरून असंही जोडलं की, नवऱ्याचा मान मोडू नये म्हणून हिनं बापाला टाळलं. त्यानंतर तो तिला राखीला बोलवेनासा झाला. ती आपण होऊन जायची आणि त्याच दिवशी परत यायची. कोणी विषय काढला की ती म्हणायची, “गाडीच जाम झाली होती. नाईतं हे सोडून आले असते.” माझ्यादेखत म्हणायची. मी तिथेच बसलेला असायचो, आणि मान हलवायचो.

ती वारली तेव्हा आम्ही कामरगावला निरोप दिला. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. आम्ही थांबलो. शेजारच्या बायका दोनदा विचारून गेल्या, आलं का? भाऊ आलाच नाही. शेवटी सुनेनं कपाटातली एक साडी काढली. माझ्या मुलानं मामाला शिव्या दिल्या. मी त्याला गप्प बस म्हणालो, पण का गप्प बस हे सांगितलं नाही. तो आता नागपूरला असतो, रविवारी फोन करतो. “जेवले का?” विचारतो. जेवलो म्हणतो.

घरात एकट्यानं राहायची सवय होते असं लोक सांगतात. माझ्या भाकरी अजून दोघांच्या होतात. हात तसाच पडतो. उरलेली सकाळी गाईला घालतो. जीप टिनाच्या शेडखाली असते. तिचा किलोमीटरचा आकडा फार पुढे सरकत नाही, तरी दर रविवारी मी ती सुरू करून मालेगावच्या फाट्यापर्यंत नेऊन आणतो. शेजारच्या सीटवर बायकोची पिशवी ठेवलेली असते, तिच्यात काही नसतं. कोणी हात दाखवला तर बसवून घेतो. हल्ली कोणी दाखवत नाही; सगळ्यांकडे मोटारसायकली आहेत.

पिकअपवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जीप काढली आणि कामरगावला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कारंजाच्या पुढे रस्ता ओळखू येईना, एवढा रुंद झाला आहे. पण घर तेच होतं, दार तेच. साळा ओसरीवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. डोक्याचे केस पार पांढरे. शेजारी त्याची बायको. त्यानं मान वर केली, आणि हातातली जुडी तशीच राहिली.

“भाऊजी? तुमी?”

“मीच.”

“या दारात पाय ठेवनार नव्हते ना तुमी?” तो हसला, पण खुर्ची पुढे सरकवली. वहिनी पाणी घेऊन आली. चहा ठेवते म्हणाली. मी म्हणालो, आधी ऐकून घ्या, मग चहा द्यायचा की नाही ते ठरवा.

मी सगळं सांगितलं. गाडी चांगली होती, ऑइल चांगलं होतं, मीच ते काढलं, बाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती फोनवर जे बोलली ते तिला डोळ्यांनी दिसत होतं तेच बोलली. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो, मेथीकडे बघत होतो. माझं सांगून संपलं. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“भाऊजी, तुमी मोठे हा,” तो म्हणाला. “बाई गेली, आन तिचं पाप आता तुमी आपल्या अंगावर घेऊन राह्यले. असा नवरा कोनाले भेटते? आमीच तुमाले टॉवेल-टोपी बरोबर दिली नाई.”

एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. मी उठून जावं असं वाटलं.

“अरे, खरं सांगून राह्यलो मी.”

“राहू द्या. झालं गेलं. मी बी आता राग सोडला. बाईनं केलं ते नवऱ्यासाठीच केलं.”

“तिनं काई केलं नाई!”

वहिनी चुलीजवळून बाहेर आली होती. तिनं मला विचारलं, “मंग भाऊजी, तुमी बाईले एसटीत बसवून देयाले तरी गेल्ते का?”

“नाई,” मी म्हणालो. “गाडीखालीच झोपून होतो. उठलो तं तोंडावर खोटं दिसन असं वाटलं.”

ती नवऱ्याकडे वळली. “खरं बोलून राह्यले हे.”

“तू गप. तुले काय समजते.” पण आता तो माझ्याकडे नीट बघत होता. “प्लग जाम होता म्हने बाई. तिनं सोता पायला म्हने. मंग?”

तो विहिरीवरची मोटर स्वतः खोलणारा माणूस आहे, हे मला तेव्हा आठवलं. मी हात पुढे केला, मूठ वळली, जशी पान्यावर वळतात तशी, आणि फिरवून दाखवली.

“असा फिरवत होतो. कसायच्या बाजूनं. ती तिथं बसून रॉकेल टाकत होती. बापू मोटरले टाकत तसं. आन मी असा फिरवत होतो.”

त्याची नजर माझ्या मुठीवर होती. मी पुन्हा एकदा फिरवली. त्याचा स्वतःचा उजवा हात मांडीवर थोडासा हलला, उलट्या बाजूनं, आणि थांबला.

“रॉकेल टाकत होती?” त्यानं विचारलं.

“हो.”

“बापूनं शिकोलं होतं ते. मलेबी, तिलेबी.” त्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाला, “मी लुगडं घेतलं होतं भाऊजी. निरोप आला तवा कारंजाले जाऊन घेतलं होतं. मंग घरी येऊन बसलो. म्हटलं, जिनं बापाचं तोंड पायलं नाई तिले कायले…” वहिनीनं पदर तोंडाला लावला.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमी निघा आता.”

“निघतो.”

“पुन्हा येजा असं मी म्हनत नाई.”

“नको म्हनू.”

चहा उकळून उतू गेल्याचा वास येत होता, पण कोणी उठलं नाही. मी ओसरीच्या पायरीवर वाकून चपला घातल्या. गुडघ्यांमुळे मला वेळ लागतो. जीप भिंतीला लागूनच उभी होती. मी आत बसलो आणि किल्ली लावली. भिंतीच्या पलीकडून त्याचा आवाज आला. तो बायकोशी बोलत होता, मोठ्यानं, आपल्यालाच सांगितल्यासारखं.

“बाई खरं सांगत होती वं. मी म्हटलं फोनवर, लबाड बोलू नको. असं म्हटलं मी तिले. आन ती म्हने, खरंच रे. तिले तं जाम झालेलाच दिसत होता वं.”

वहिनी काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही.

“खरंच सांगत होती वं ती,” तो पुन्हा म्हणाला.

तो आणखी बोलत होता. इंजिनाच्या आवाजात ते बुडालं असतं, म्हणून मी किल्ली फिरवली नाही.